अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचं डोकं सांभाळताना: हेल्मेटच्या मापापासून मैदानात परतण्यापर्यंत

"आपण जिंकलो का?" गाडीत बसताना मुलानं विचारलं. मी म्हटलं, हो, सात गुणांनी. हायवेला लागेपर्यंत त्यानं पुन्हा विचारलं. मला वाटलं, आनंदानं विचारतोय. तिसऱ्यांदा त्याच आवाजात, त्याच शब्दांत प्रश्न आला तेव्हा नवऱ्यानं गाडी कडेला घेतली.

टेक्सासमधली शुक्रवारची रात्र होती. शाळेच्या सामन्याचं चित्रीकरण आम्ही नंतर पाहिलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला धरून खाली पाडताना, त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. उठताना त्यानं एक हात जमिनीवर टेकला आणि चालत जाऊन चक्क विरुद्ध संघाच्या घोळक्यात उभा राहिला. एका मित्रानं दंडाला धरून त्याला आपल्या बाजूला आणलं. त्यानंतर तो आणखी अकरा प्ले, म्हणजे अकरा डाव, खेळला. आम्ही दोघं वर बाकांवर टाळ्या वाजवत होतो.

त्या अकरा प्लेंच्या आधी काय काय करता आलं असतं आणि नंतर काय करायला हवं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, पण गेल्या तीन वर्षांत शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरपासून न्यूरॉलॉजिस्टपर्यंत सगळ्यांना खोदून खोदून विचारलं आहे. अमेरिकेत वाढणारी आपली मुलं आता हा खेळ मनापासून खेळतात. आपण मात्र क्रिकेट-कबड्डी बघत वाढलेलो, त्यामुळे इथे कोच म्हणेल ते प्रमाण मानून मोकळे होतो. तसं मोकळं होऊ नका.

आधी समजून घ्या: हेल्मेट काय करतं आणि काय करत नाही

पाण्यानं भरलेली कळशी कडेवर घेऊन झटकन वळलात तर कळशी वळते, पण आतलं पाणी मागे राहून मग हिंदकळतं. मेंदूचंही तसंच होतं. साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, लोण्यासारखा मऊ मेंदू कवटीतल्या पाण्यात तरंगत असतो. डोकं अचानक थांबलं किंवा गर्रकन फिरलं की तो आत ओढला जातो, पिळला जातो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. यालाच कन्कशन म्हणतात. कवटीला तडा जात नाही, रक्त येत नाही, बहुतेक वेळा शुद्धही हरपत नाही. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, कारण तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. ताणलेले तंतू त्यात दिसत नाहीत. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे, खेळू दे" हे वाक्य कुणी म्हटलं तर ते मान्य करू नका.

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आणि ते काम ते उत्तम करतं. आतल्या पाण्याचं हिंदकळणं मात्र ते पूर्ण थांबवू शकत नाही. म्हणूनच या खेळात सगळ्यात जास्त जीव नियमांनी वाचवले आहेत. १९०५ साली इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्याच वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकण्याची मुभा, आला आणि एकमेकांच्या अंगावर ढिगानं पडण्याचा खेळ मोकळा झाला. मग कडक प्लास्टिकची हेल्मेटं आली आणि मुलं डोकंच हत्यारासारखं वापरू लागली. १९६८ साली थेट खेळातल्या इजांनी ३६ मृत्यू झाले. त्यानंतर हेल्मेटची मानकं ठरली आणि १९७६ मध्ये डोकं खाली घालून हेल्मेटच्या टोकानं धडक मारण्यावर बंदी आली. १९९० साली असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. हेल्मेट सुधारलं होतंच, पण मुलांना ते वापरायला शिकवण्याची रीतही बदलली होती.

टॅकल कधीपासून, किती वर्षं

हा निर्णय हेल्मेटच्या खरेदीपेक्षा मोठा आहे आणि तो घरातच घ्यायचा असतो.

मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वारंवारच्या ठोशांचा परिणाम होतो हे १९२८ पासून लिहिलं गेलं आहे. फुटबॉलच्या बाबतीत ते मान्य व्हायला फार उशीर झाला. पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाचा खेळाडू माइक वेबस्टर २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला, तोवर त्याची स्मरणशक्ती आणि संसार दोन्ही विस्कटले होते. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. हाच तो सीटीई नावाचा, मेंदू हळूहळू पोखरणारा आजार. एनएफएल या व्यावसायिक लीगनं १९९४ साली या विषयावर समिती नेमली होती, पण तिचा अध्यक्ष संधिवाताचा डॉक्टर होता. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध लीगच्या अधिकाऱ्यानं उघडपणे मान्य केला तो थेट मार्च २०१६ मध्ये. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण "काही असतं तर लीगनं सांगितलं असतं ना" असं आमच्या मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी मला सुनावलं होतं.

२०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटानं एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले; ११० मध्ये सीटीई सापडला. हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नका. ते मेंदू बहुतेक अशाच कुटुंबांनी दान केले होते ज्यांना आधीच काहीतरी बिघडल्याची शंका होती, त्यामुळे सगळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यावरून काढता येत नाही. शिवाय सीटीईचं निश्चित निदान अजून फक्त मृत्यूनंतरच होतं. आईवडिलांच्या कामाचा निष्कर्ष त्याच गटाच्या नंतरच्या अभ्यासातला आहे: टॅकल फुटबॉल खेळण्याच्या दर वाढीव वर्षामागे सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढत गेली. म्हणजे हिशेब नुसता कन्कशन किती झाली याचा नाही. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारे शेकडो छोटे धक्के वर्षानुवर्षं साठत जातात.

धक्के साठतात, तर वर्षं कमी करा. माझं ठाम मत असं की नववीच्या आधी टॅकल नकोच. सहा-सात वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान काडीसारखी असते, त्यावर आणखी हेल्मेटचं वजन. तोवर फ्लॅग फुटबॉल खेळू द्या. त्यात कमरेची पट्टी खेचली की प्ले संपतो. धावणं, पास, झेल, डावपेच सगळं शिकता येतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही तोच प्रकार आहे, त्यामुळे "तो लहान मुलांचा खेळ" हे आता कुणी म्हणू नये.

मोसमाआधी शाळेला विचारायचे प्रश्न

पालकांच्या बैठकीत आपण बहुधा मागच्या रांगेत बसतो आणि सह्या करून येतो. या वेळी पुढे बसा.

पहिला प्रश्न: अ‍ॅथलेटिक ट्रेनर फक्त सामन्याला असतो, की रोजच्या सरावालाही? हा व्यायामशाळेतला प्रशिक्षक नव्हे. इजा ओळखण्याचं शिक्षण घेतलेला, परवानाधारक माणूस असतो. सराव त्याच्याविना होत असेल तर ते मोठं भगदाड आहे. कॉलेज खेळाडूंच्या २०१५ ते २०१९ च्या एका अभ्यासात जवळपास निम्मी कन्कशन मोसमपूर्व सरावाच्या काळात झालेली आढळली, आणि तो काळ एकूण वेळेचा जेमतेम पाचवा हिस्सा होता. आपण डोळ्यांत तेल घालून शुक्रवारचा सामना बघतो, पण ऑगस्टच्या उन्हातल्या सरावाला तिथे कुणीच नसतं.

दुसरा: पूर्ण टॅकलचा सराव आठवड्याला किती मिनिटं? टेक्सासच्या सार्वजनिक शाळांत मोसमात दर खेळाडूमागे आठवड्याला ९० मिनिटांची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या लीगना २०२१ पासून आठवड्यात दोनच टॅकल-सराव आणि प्रत्येकी ३० मिनिटं एवढीच मुभा आहे. मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे, हे कोचला कळतं का ते उत्तरावरून समजतं. डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं. पोरं गाद्यांवर आणि पुढे चाकांवर पळणाऱ्या यंत्रमानवी पुतळ्यांवर शिकली. संघ काही बुडाला नाही, उलट पुढे जिंकत राहिला. २०१६ मध्ये डार्टमथ ज्यात खेळतं त्या सगळ्या आयव्ही लीगनं मोसमातल्या सरावापुरता तोच मार्ग धरला.

तिसरा: मुलाला बाहेर काढायचा शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर "कोचचा" असं आलं तर तिथेच थांबून बोला. इजेचा निर्णय जिंकण्या-हरण्याशी काहीही देणंघेणं नसलेल्या माणसाकडे हवा.

बेसलाइन चाचणी होते का तेही विचारा. मोसमाआधी मुलाची स्मरणशक्ती, लक्ष, तोल, प्रतिसादाचा वेग नोंदवून ठेवतात, म्हणजे पुढे तुलना करता येते. काही मुलं ती मुद्दाम वाईट देतात, म्हणजे डोक्याला लागल्यावरही गुण "पहिल्याइतकेच" दिसतील. आमच्या मुलानं हे आम्हाला जेवताना अगदी सहज सांगितलं, सगळ्या टीमला ठाऊक असलेली गोष्ट म्हणून.

हेल्मेट घालून बघणं: पंधरा मिनिटं द्या

शाळेकडून मिळालेलं हेल्मेट घरी आणून स्वतःच्या हातांनी तपासा. आधी मागची चिकटपट्टी वाचा: नॉक्सी या मानक-संस्थेचा शिक्का हवा, आणि हेल्मेट जुनं असेल तर शेवटचं कोणत्या वर्षी तपासून-दुरुस्त होऊन आलं ते लिहिलेलं हवं. दहा वर्षांहून जुनं हेल्मेट परत करा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०११ पासून हेल्मेटांना तारे देतं. तुमचं मॉडेल तिथे बघा. मुलांच्या हेल्मेटांची यादी वेगळी असते.

मापासाठी भुवयांच्या इंचभर वरून टेप फिरवा. मोसमात केस जसे असतील तसेच ठेवून मोजा. ऑगस्टमध्ये लांब केसांवर नीट बसलेलं हेल्मेट सप्टेंबरमध्ये केस कापल्यावर सैल होतं. घातल्यावर पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं यावी, कानाची भोकं कानांसमोर यावीत, गालाच्या गाद्या गालांना घट्ट टेकाव्यात. हनुवटीचा पट्टा मधोमध आणि त्याची चारही बंदं सारखी ताणलेली हवीत.

आता खरी परीक्षा. पुढची जाळी दोन्ही हातांनी धरून हळू डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. मुलाला मान घट्ट धरायला सांगा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट सरकतंय असं झालं तर ते सैल आहे. मग वरून तळव्यानं दाबा आणि दाब कुठे जाणवतो ते विचारा. "टाळूवर" म्हणाला तर ठीक, "कपाळावर" म्हणाला तर बदला. हवेच्या पिशव्यांचं हेल्मेट असेल तर थंडी-उन्हानं हवा कमी-जास्त होते, म्हणून दर आठवड्याला हेच पुन्हा करा. आम्ही गुरुवारी रात्री करतो, जर्सी धुवायला टाकण्याआधी.

हेल्मेटवर चढवायच्या मऊ टोप्याही निघाल्या आहेत. एनएफएलनं २०२२ पासून ठरावीक जागांवरच्या खेळाडूंना मोसमपूर्व सरावात त्या सक्तीच्या केल्या आणि २०२४ पासून सामन्यातही चालतील असं ठरवलं. शाळेच्या पातळीवर त्यांचा पुरावा अजून कच्चा आहे. घालू द्या, पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. माउथगार्ड हवाच, दातांसाठी.

डोकं कुठे ठेवायचं ते शिकणं

उभी मान थोडी मागे वळलेली असते, त्या बाकामुळे धक्का पसरतो. डोकं खाली घातलं की मानेचे मणके काठीसारखे सरळ होतात आणि टाळूवर बसलेला मार थेट त्या काठीतून उतरतो. मान मोडते ती अशी. म्हणून मुलाला पहिल्या दिवसापासून एकच सवय लागली पाहिजे: ज्याला धरायचं तो शेवटपर्यंत डोळ्यांना दिसला पाहिजे. नजर वर, छाती वर, खांदा लावायचा, डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला ठेवायचं आणि हातांनी मांड्या कवटाळायच्या. रग्बीतली ही पद्धत सिअ‍ॅटल सीहॉक्स या एनएफएल संघानं २०१४ मध्ये चित्रफिती काढून शाळांनाही शिकवली. सरावाला एकदा जाऊन अर्धा तास बघा. कुणी डोकं खाली घालून धडकल्यावर कोच ओरडून थांबवतो की "वा, काय मारलंस" म्हणतो, यावरून सगळं कळतं.

मानेचे व्यायामही ट्रेनरकडून शिकून घ्या. आणि मार बसणार हे आधी दिसलं तर मान आपोआप घट्ट होते, हेही नजर वर ठेवण्याचं एक कारण.

घरातलं ठरवणं

पोरं लपवतात. जागा जाईल, मित्रांना तोंड कसं दाखवू, बाबा एवढ्या लांबून आलेत. म्हणून मोसम सुरू होण्याआधी, कुणालाही काही लागलेलं नसताना, बसून ठरवा. आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्या. शंका आली की बाहेर, आणि त्याबद्दल घरात कुणी एक शब्दही बोलणार नाही. त्या दिवशी परत मैदानात जाणं नाही, कितीही बरं वाटलं तरी. आणि टीममधला एक मित्र त्याचा जोडीदार: दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतील आणि एकमेकांबद्दल ट्रेनरला सांगणं ही चहाडी मानली जाणार नाही. माझ्या मुलाला चुकीच्या घोळक्यातून ज्यानं ओढून आणलं, त्याला नेमकं काय बिघडलंय ते दिसलं होतं. पुढे कुणाला सांगायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मैदानावर: काय दिसलं की उठायचं

चेंडूमागे धावणारी नजर आपल्या मुलावर ठेवा, विशेषतः प्ले संपल्यानंतरचे दहा सेकंद. उठायला वेळ लागला, उठून तोल गेला, डोकं झटकलं, डोक्याला हात लावला, चुकीच्या जागी गेला, हात ताठ होऊन बोटं वेडीवाकडी झाली, नजर रिकामी वाटली, यातलं एकही पुरेसं आहे.

२५ सप्टेंबर २०२२ ला मायामी डॉल्फिन्स या एनएफएल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) टुआ टागोवायलोआ मागे आपटला, उठला, डोकं झटकलं आणि चार पावलांत लडखडला. पाठीचं दुखणं म्हणून त्याला त्याच सामन्यात परत आणलं गेलं. चार दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला आणि त्याची बोटं चेहऱ्यासमोर ताठ झाली. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्याच ऑक्टोबरमध्ये एनएफएलनं नियम बदलला: तोल गेला तर कारण काहीही सांगा, त्या दिवशी परत नाही. जिथे वरच्या कक्षात बसून चित्रीकरण बघणारे निरीक्षक आणि संघाशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ हजर असतात, तिथे हे घडलं. शाळेच्या मैदानावर तर बाकांवरचे आईवडील हेच निरीक्षक.

वॉशिंग्टन राज्यात २००६ साली १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेट डोकं आपटल्यावर थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच सामन्यात पुन्हा खेळला. सामना संपल्यावर तो कोसळला. मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि चालणं-बोलणं पुन्हा शिकायला वर्षं गेली. २००९ मध्ये त्याच्या नावानं कायदा झाला आणि २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत तसे कायदे आले. पहिल्या माराच्या गोंधळातून न सावरलेल्या मेंदूला दुसरा मार बसला की, विशेषतः किशोरवयात, सूज आवरेनाशी होऊ शकते. असं क्वचित घडतं, पण त्या क्वचितमधून बाहेर राहण्याचा उपाय पूर्ण आपल्या हातात आहे.

शंका आली की खाली जा आणि कोचकडे न जाता थेट ट्रेनरकडे जा. "त्याला तपासा, मी आई आहे, तो आता परत जाणार नाही" एवढं पुरतं. ट्रेनर आजच्या सामन्याचेच प्रश्न विचारतो: आपण कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचे गुण कुणी केले, मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो, जिंकलो का. स्वतःचं नाव आणि जन्मतारीख गोंधळलेल्या मुलालाही सांगता येते, त्यावर जाऊ नका. आपल्या घरांपुरतं एक लक्षात ठेवा: मुलगा मित्रांशी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत विचारा. मराठीत "चक्कर येतेय का?" म्हटलं की आमचा नाही म्हणायचा. त्याला जे होत होतं त्याला तो "धुकं" म्हणत होता.

९११ ला फोन कधी करायचा? मान दुखते किंवा दाबल्यावर दुखते, हातापायांत मुंग्या किंवा बळ नाही, आकडी आली, शुद्ध हरपली किंवा मूल पेंगुळत चाललंय, पुन्हा पुन्हा उलटी, डोकेदुखी वाढतच चाललीय, दोन दोन दिसतंय, डोळ्याची एक बाहुली मोठी, किंवा एरवी शांत असलेला मुलगा अचानक भांडतोय. मानेची शंका असेल तर त्याला हलवू नका आणि हेल्मेट काढू नका. ते काढण्याचं प्रशिक्षण असलेली माणसंच काढतील.

पहिले दोन दिवस

पहिले काही तास मुलाला एकटं सोडू नका आणि वरची लक्षणं दिसतात का ते बघत राहा. ती नसतील आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर झोपू द्या. दर तासाला हलवून उठवण्याची जुनी रीत आता कुणी सांगत नाही, झोप हेच औषध आहे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी लगेच तेल कोमट करून वाटी आणली. मी म्हटलं, "आई, आज डोकं चोळायचं नाही. नुसता हात ठेवून बसा त्याच्याजवळ." त्या पहाटेपर्यंत बसल्या, आणि त्याचा श्वास, त्याची हालचाल आमच्यापेक्षा त्यांनीच बारकाईनं पाहिली. घरात असं वडीलधारं माणूस असेल तर त्यांना काय बघायचं ते नीट समजावून सांगा.

पहिले ४८ तास फोन, गेम, टीव्ही कमी करा. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवणं चूक आहे. त्यानं बरं व्हायला उलट जास्त दिवस लागतात. दुसऱ्या दिवसापासून घरात, अंगणात हळू चालू द्या.

आधी वर्ग, मग मैदान

इथे मराठी घरं घाई करतात आणि ती खेळासाठी नसते, अभ्यासासाठी असते. "खेळ बंद आहे ना, मग निदान गणित तरी कर." मेंदूला इजा झाली आहे आणि गणित मेंदूनंच करायचं असतं. एक-दोन दिवसांनी शाळेत पाठवा, पण आधी अर्धा दिवस, मध्ये विश्रांती, परीक्षेला जास्त वेळ. कॅफेटेरियातला गोंगाट आणि बँडचा तास काही दिवस टाळा. समुपदेशकाला पहिल्याच दिवशी ईमेल करा. लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तर ५०४ योजनेखाली (आजार किंवा अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठीची कायदेशीर तरतूद) लेखी सवलती मागता येतात. शाळकरी मुलं बहुतेक चार आठवड्यांत बरी होतात. त्यापुढे गेलं तर कन्कशन क्लिनिक गाठा. तोलासाठी, मानेसाठी, डोळ्यांसाठी वेगळी थेरपी असते आणि ती उपयोगी पडते.

मैदानात परतण्याच्या सहा पायऱ्या जगभर मान्य आहेत आणि प्रत्येक पायरीला किमान २४ तास. पहिली, लक्षणं न वाढवणारं रोजचं हिंडणं-फिरणं. दुसरी, हलका व्यायाम, मग मध्यम: हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ५५ टक्के आणि नंतर ७० टक्क्यांपर्यंत. पंधरा वर्षांच्या मुलाचे कमाल ठोके २०५ धरले तर आधी ११३ आणि मग १४३ च्या आसपास. सायकल आणि मनगटावरचं घड्याळ एवढं पुरतं. तिसरी, एकट्यानं धावणं, वळणं. इथवर थोडी लक्षणं चालतात: दहाच्या मोजपट्टीवर दोनपेक्षा जास्त वाढ नको आणि ती तासाभरात ओसरली पाहिजे. वाढली तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

चौथ्या पायरीला, म्हणजे संपर्काविना संघासोबतच्या सरावाला, दम लागल्यावरही कोणतंही लक्षण नसायला हवं आणि डॉक्टरांची परवानगी हवी. पाचवी पूर्ण टॅकलचा सराव, सहावी सामना. तुमच्या राज्याचा किंवा शाळेचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. टेक्सासमध्ये २०११ च्या कायद्यानं डॉक्टरांचं लेखी पत्र आणि पालकांची सही लागते, आणि हे सगळं पाळलं गेलं का हे बघण्याची जबाबदारी कोचकडे देता येत नाही. आमच्या मुलाला सहाव्या पायरीपर्यंत सव्वीस दिवस लागले. तिसरीवर दोनदा मागे यावं लागलं आणि दोन्ही वेळा त्यानं ते स्वतः सांगितलं.

दुसऱ्यांदा झालं तर

किती कन्कशननंतर खेळ सोडायचा याचा ठरलेला आकडा नाही. डॉक्टरांना आकडा विचारण्यापेक्षा हे विचारा: या वेळी मार आधीपेक्षा हलका असूनही कन्कशन झालं का? बरं व्हायला आधीपेक्षा जास्त दिवस लागले का? दोन्हींमधलं अंतर कमी आहे का? एकाचंही उत्तर हो आलं तर मोसम संपवण्याबद्दल गांभीर्यानं बोला. अभ्यासात, स्वभावात, झोपेत फरक पडला असेल तर तोही सांगा, कारण तो दवाखान्यातल्या वीस मिनिटांत दिसत नाही.

नोंद ठेवा. एक साधी वही: तारीख, मार कसा बसला, कोणती लक्षणं, किती दिवस, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं. मुलगा शाळा बदलेल, कॉलेजला जाईल, ही वही त्याच्याबरोबर गेली पाहिजे. आमच्या वहीत अजून एकच तारीख आहे. दुसरी पडली तर काय करायचं, ते त्याच पानाच्या खाली आम्ही तिघांनी लिहून सह्या केल्या आहेत.